उताराआधीचा गिअर

सपाट मुलखात गाडी शिकणाऱ्याला वरचे गिअर लवकर येतात, खालचे उशिरा कळतात. बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालं की मुर्तिजापूरपर्यंत नजरेत भरतो तो पूर्णेच्या खोऱ्याचा काळा पसारा. कपाशी, तूर, सोयाबीन, मधूनच बाभळीची रांग आणि नाकासमोर जाणारा महामार्ग. २०२२च्या जूनमध्ये याच अमरावती–अकोला महामार्गावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता ड्रायव्हरला टॉप गिअरची सवय लावतो. भरलेली गाडी एकदा वेगात आली की तासन् तास गिअरच्या दांड्याला हात लावायचं कारण पडत नाही.

त्यामुळे आमच्याकडच्या ड्रायव्हरची परीक्षा आमच्या रस्त्यावर होतच नाही. ती होते उत्तरेला परतवाड्याच्या पुढे, चिखलदऱ्याच्या वळणांवर. दक्षिणेला अकोल्याहून वाशीमला जाताना पातूरच्या घाटात. पश्चिमेला बुलढाण्याजवळच्या राजूर घाटात. जुन्या दप्तरांत वऱ्हाडाचे तीन भाग सांगितलेले आहेत, मेळघाट, पयनघाट आणि बालाघाट. आम्ही मधल्या पयनघाटातले, दोन डोंगररांगांच्या मधल्या सखल पट्ट्यातले. माल डोंगरापलीकडे न्यायचा तर आधी चढायचं, आणि चढलेलं सगळं कधीतरी उतरायचं.

मला जड गाडी शिकवली मोठ्या बाबांनी, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावांनी. बडनेरा हे रेल्वेचं गाव. मुंबई–नागपूर–हावडा मार्गावरचं हे जंक्शन, अमरावतीचा फाटा इथूनच फुटतो. खताचा किंवा सिमेंटचा रेक लागला की ट्रकांची रांग लागायची. हंगामात कापसाच्या गठाणी, सरकी, अकोल्याच्या मिलांतली डाळ, वरूड-मोर्शीकडचा संत्रा. मोठेबाबा आधी दुसऱ्याच्या गाडीवर होते, मग त्यांनी स्वतःची जुनी टाटा घेतली. पुढे लांब नाक असलेली, रंग दोनदा चढवलेली. १९५४ ते १९६९ या काळात जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनले, त्याच घराण्यातली ती पुढची पिढी. नाक्यावरचे मेकॅनिक म्हणायचे, क्लच प्लेटसाठी सगळ्यांच्या गाड्या येतात, पण यांची गाडी गिअरबॉक्सच्या कामाला कधी येत नाही. त्या वाक्यात किती मोठं प्रशस्तिपत्र होतं हे मला दांडा हातात आल्यावर समजलं.

स्टिअरिंगवर बसायच्या आधी बराच काळ मी शेजारच्या सीटवर होतो. क्लिनरची ती जागा. गाडी चालू असताना मोठेबाबा मधेच म्हणायचे, "डोये मिट. सांग, कोन्ता गिअर हाय?" मी ऐकायचो. दुसऱ्यात गाडी किंचाळते, तिसऱ्यात तो स्वर जाड होतो, चौथ्यात पायाखालच्या पत्र्याची थरथर बदलते. मग प्रश्न अवघड व्हायचा. "आता चढ आला तं कोन्ता लागीन? अन् कवा?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कान देतात, दुसऱ्याचं देत नाहीत. ते द्यायला रस्ता पाहावा लागतो, गाडीतल्या वजनाचा अंदाज लागतो आणि पुढच्या वळणाची आठवण लागते. इंजिन गुदमरायला लागल्यावर गिअर बदलणारा ड्रायव्हर त्यांच्या हिशेबी उशीर केलेला ड्रायव्हर असायचा.

त्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हतं. मोटारींत ही सोय १९२८मध्ये अमेरिकेतल्या कॅडिलॅकने आणली, पण जड गाड्यांत ती रुळायला फार वर्षं गेली. सिंक्रोमेश असलं की भिन्न वेगाने फिरणारे दोन भाग आधी एकमेकांवर घासून समान वेगाला येतात आणि मग गुंततात. ते नसलं की हे काम ड्रायव्हरच्या दोन पायांनी आणि दोन कानांनी करायचं. ड्रायव्हर लोक याला डबल क्लच म्हणतात.

गाडी चौथ्यात आहे, इंजिन मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतंय असं धरा. चाकांचा वेग तोच ठेवून तिसऱ्यात यायचं तर इंजिनाला दोन हजारांच्या घरात जावं लागेल, कारण खालच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे जास्त. आता क्लच दाबून दांडा सरळ तिसऱ्यात ढकलला, तर एक भाग चाकांच्या हिशेबाने फिरतोय, दुसरा इंजिनाच्या जुन्या हिशेबाने. दात एकमेकांवर खरखरतात, दांडा हाताला झटका देऊन परत येतो. म्हणून क्रम असा: क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा. क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टला पुन्हा जोडलं जातं. मग रेस द्यायची, इंजिनाबरोबर तो शाफ्टही हव्या त्या फेऱ्यांवर चढतो. त्या टोकाला पुन्हा क्लच दाबायचा आणि दांडा तिसऱ्यात न्यायचा. वेळ बरोबर साधली तर दांडा ढकलावा लागत नाही, तो स्वतःहून आत ओढला जातो. तो क्षण तळहाताला कळतो, आणि एकदा कळला की हात तो विसरत नाही.

फिरत्या दोरीत शिरणाऱ्या मुली आधी बाहेर उभ्या राहून डुलतात, दोरीचा ठेका अंगात घेतात आणि मगच आत पाऊल टाकतात. डबल क्लच तसाच आहे. गाडीच्या गतीला हुकूम सोडता येत नाही. आधी आपल्या इंजिनाला तिच्या गतीवर न्यायचं, मग तिच्याशी जोडून घ्यायचं, आणि जोडलं गेल्यावरच तिला आवरायचं.

शिकणाऱ्याला यात सगळ्यात विचित्र वाटते ती रेस. वेग कमी करायचा आहे, आणि पाय जातो ॲक्सिलरेटरवर. अंगाची सगळी ओढ ब्रेककडे असते. मन म्हणतं, दाब आणि थांबव. वरचा गिअर घेताना एवढं मनाविरुद्ध काही करावं लागत नाही, तिथे न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबलं की इंजिनाचे फेरे आपोआप उतरतात आणि गिअर बसतो. वरच्या गिअरसाठी वाट पाहायची असते, खालच्यासाठी आपण पुढे होऊन द्यायचं असतं. मोठेबाबा एवढंच म्हणायचे, "घाई काहून करून रायला? गाडी सांगते ना तुले, आता घे म्हून. तू आयक तं खरं." मला पुढे पुष्कळ शिक्षक भेटले, चांगले भेटले. पण शिकवण्याची याहून नेमकी रीत मी पाहिली नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दांडा कधी हलवला नाही, ते फक्त मला ऐकायला लावत राहिले.

रिकाम्या गाडीवर हे सगळं जमलं की वाटतं आपण शिकलो. भरलेली गाडी तो समज उतरवते. वजन असलं की सपाटीवर न्यूट्रलमधला क्षण लांबला तरी बिघडत नाही, पण चढावर त्या क्षणात गाडी वेग सोडून देते आणि आपण तिसऱ्यासाठी दिलेली रेस दुसऱ्याच्या लायकीची होऊन बसते. उतारावर याच्या उलट घडतं, आणि तिथेच या विद्येचं खरं मर्म आहे. उतारावर गाडी न्यूट्रलला आली की त्या क्षणी तिला इंजिनाचा कसलाच धरबंद नसतो. वेग वाढतो. खालच्या गिअरला लागणारे फेरे आणखी वर जातात. रेस देऊन तिथवर पोचेतो वेग आणखी वाढलेला असतो. गिअर बसत नाही, आणि आधी होता तोही परत मिळत नाही. ज्या युक्तीने गाडी सांभाळायची तीच युक्ती चुकीच्या जागी केली तर गाडी हातची जाते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात की खालचा गिअर घाटाच्या माथ्यावर लावायचा, उतार सुरू व्हायच्या आधी.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. पायथ्याचा परतवाडा-अचलपूरचा पट्टा त्याहून सातशे-साडेसातशे मीटर खाली. १६ टनांची गाडी सातशे मीटर उतरवायची म्हणजे सुमारे ११ कोटी ज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरवायची. तेवढ्या उष्णतेने साधं नळाचं पावणेचारशे लिटर पाणी उकळीला येईल. वळणावळणाच्या घाटात ही उष्णता जायला दोनच मोठ्या वाटा आहेत. एक वाट ब्रेकच्या ड्रममधून जाते. सतत दाबलेल्या ब्रेकने ड्रम तापतो, फुगतो, लायनरपासून दूर सरकतो. लायनरची पकड सुटत जाते, पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही आणि घाटभर जळका वास पसरतो. दुसरी वाट इंजिनातून जाते. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला फिरवतात, सिलिंडरांत हवा दाबायला आणि इंजिनातलं घर्षण तोडायला त्यांना जोर खर्चावा लागतो, आणि ती उष्णता रेडिएटरवाटे, सायलेन्सरवाटे बाहेर पडते. एक्झॉस्ट ब्रेक असला तर तो धुराची वाट अडवून हा रोध वाढवतो. इंजिनाला दिवसभर उष्णता बाहेर टाकायची सवयच असते. ब्रेक मात्र गाडी थांबवण्यासाठी राखून ठेवायचे असतात, तिला सतत धरून ठेवायला ते केलेले नाहीत.

घाटाच्या माथ्यावर मोठेबाबा गाडी बाजूला घ्यायचे. खाली उतरून टायर ठोकून पाहायचे, ड्रमजवळ उलटा हात धरायचे, केबिनमध्ये येऊन ब्रेकच्या हवेचा काटा पाहायचे. मग उभ्या गाडीतच दुसरा गिअर टाकून निघायचे. मागचे हॉर्न वाजवोत, शेजारून लहान गाड्या सुसाट जावोत, इंजिनाचा आवाज त्यांनी ठरवलेल्या पट्टीच्या वर जायचा नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरवायचा, हा त्यांच्या पिढीचा नियम. आजच्या ताकदवान गाड्यांना तो पुरत नाही, कारण त्या वरच्या गिअरमध्येही घाट चढून जातात. त्यांना उतरताना आणखी खाली यावं लागतं. वजनंही बदलली आहेत. दोन आसांच्या ट्रकचं मान्य एकूण वजन २०१८मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. घाट होते तेवढेच आहेत, उतरवायचा भार वाढला आहे.

कायद्याला ही विद्या ठाऊक आहे, हे मला नंतर कळलं आणि त्याचा आनंद झाला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधल्या पंधराव्या नियमात चालकाच्या परीक्षेत काय पाहावं याची यादी आहे. वाहतुकीची गरज पडताच टॉप गिअरवरून खालच्या गिअरवर चटकन येता यावं, आणि उतारावर जाताना खालचे गिअर चटकन घेता यावेत, असं तिथे स्वतंत्र कलमांनी लिहिलं आहे. पण आमच्यासारख्या सपाट भागात ही कसोटी लागणार कशी? लांबलचक उतार, भरलेली गाडी आणि शेजारी जाणता माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय ती विद्या अंगात उतरत नाही.

ती न उतरल्याची किंमत महाराष्ट्राने वारंवार मोजली आहे. २० नोव्हेंबर २०२२ला पुण्यात कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. अशा वेळी लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. मला त्या शिव्यांपलीकडचं बघावंसं वाटतं. अनेक ठिकाणी खेपेचं डिझेल ठरवून दिलेलं असतं. त्यात वाचलं ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं ते त्याच्या पगारातून. ज्याचं घर त्या चार-पाच लिटरांवर चालतं, त्याला उतार म्हणजे फुकटचा प्रवास वाटणारच.

आणि हा हिशेबसुद्धा त्याला कुणी नीट मांडून दाखवलेला नसतो. उतारावर गाडी गिअरमध्ये असते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, पंप त्याला डिझेल देतच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन नुसतं जिवंत ठेवायलाही डिझेल जळतं. इंजिन बंद केलं तर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसरच थांबतो. टाकीत उरलेली हवा प्रत्येक दाबासरशी कमी होत जाते, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही दगडासारखं जड होतं. उतरत्या घाटात न्यूट्रल करून वाचतं ते फार थोडं, आणि पणाला लागतं सगळं. दोन-तीन वाक्यांत समजावता येणारी ही गोष्ट आहे. ती समजावणारा माणूस मात्र केबिनमध्ये हवा.

तो माणूस आता केबिनमध्ये नसतो, याची मला खरी काळजी वाटते. क्लिनरची सीट रिकामी झाली आहे. खर्च परवडत नाही म्हणून मोठमोठ्या गाड्या एकटा ड्रायव्हर चालवतो. आपण त्या पोराकडे टायर तपासणारा, काच पुसणारा, ताडपत्री बांधणारा म्हणून पाहिलं. पण ती सीट एक शाळा होती. तिथे बसून पोरं वर्षानुवर्षं इंजिन ऐकायची, रस्ता पाठ करायची, उस्तादाचा पाय कधी हलतो ते पाहायची आणि मग एका पहाटे मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात घ्यायची. त्या शाळेला फलक नव्हता आणि तिथून कुणाला कागद मिळाला नाही, तरी देशातला माल तिने घडवलेल्या माणसांनीच वाहिला. ती शाळा बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली नाही.

यंत्रं सुधारत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. सिंक्रोमेश आता सर्रास आहे. क्लचचं पेडलच नसलेल्या, स्वतः गिअर बदलणाऱ्या जड गाड्याही आपल्या रस्त्यांवर आल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात बडनेऱ्याच्या उन्हात पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेल्या कुणालाही विचारा, हा न्याय किती उशिरा मिळाला ते तो सांगेल. आमच्याकडून मुंबईला जाणारी रेल्वे इगतपुरीनंतर कसाऱ्याच्या घाटात ३७ मीटरांमागे एक मीटर अशा उताराने खाली येते. तिथे नवी विद्युत इंजिनं उतरताना वीज तयार करून तारेत परत पाठवतात. विजेवरचे ट्रकही उतारावर आपली बॅटरी भरतात. जी ऊर्जा आजवर ड्रम जाळत आली तिचा असा सदुपयोग होतो आहे, ही माणसाच्या बुद्धीची कमाईच आहे.

तरीही या सगळ्या सोयी एका गोष्टीला पर्याय होत नाहीत. गिअर आपोआप बदलला तरी माथ्यावर वेग सोडायचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. आपल्या मागे किती वजन आहे, पुढचा उतार किती लांब आहे, ब्रेक आत्ता किती तापलेले आहेत याचा एकत्र विचार करून, मागच्यांचे हॉर्न कानांआड करून, पोचायची घाई बाजूला ठेवून तो घ्यायचा असतो. तो घेण्यासाठी धैर्य लागतं, आणि हे धैर्य बाहेरून पाहणाऱ्याला कूर्मगती वाटतं. भरल्या ट्रकच्या मागे अडकून आपण वैतागतो, तेव्हा बहुधा पुढचा माणूस आपल्याही जिवाची काळजी घेत असतो.

म्हणून मला वाटतं की जड गाडीच्या प्रत्येक नव्या चालकाला भरलेल्या गाडीसह खऱ्या घाटात नेलं पाहिजे, आणि शेजारी वयाने थकलेला पण कानाने तिखट असा जुना ड्रायव्हर बसवला पाहिजे, पगार देऊन, शिक्षक म्हणून. असे लोक आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. गुडघे गेलेत म्हणून ते घरी बसले आहेत, पण क्लचच्या एका दाबावरून शिकणाऱ्याचं मन कुठे आहे ते अजूनही ओळखतात. डिझेलचा हिशेब ड्रायव्हरच्या पगारातून तोडून वेगळा केला पाहिजे, म्हणजे उतार पाहून त्याच्या मनात पैशाचा विचार येणार नाही. यात अशक्य असं काहीच नाही. जो उतार अजून डोळ्यांना दिसत नाही त्याच्यासाठी आत्ता, सपाटीवर असतानाच, हातचा वेग सोडून देणं माणसाला उपजत येत नाही. पण ते शिकवता येतं. मला ते एका माणसाने शेजारी बसून शिकवलं, म्हणून मी हे खात्रीने सांगू शकतो.